रक्ताचे कर्करोग खरोखरच वाढत आहेत का?

प्रश्न : एक वाचक
रक्ताच्या आणि लसीकाग्रंथींच्या कर्करोगांचे रुग्ण जगभर वाढत असल्याचे वारंवार वाचनात येते, आणि दुसऱ्या एखाद्या लेखात नेमके याच आजारांचे दर स्थिर असल्याचे म्हटलेले असते. यांतले खरे कोणते मानावे? आणि देशादेशांतला फरक आनुवंशिक असतो की परिस्थितीजन्य?

प्रतिसाद : नोंदवही
दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. २०२० च्या जागतिक अंदाजानुसार त्या वर्षी ल्युकेमियाचे (रक्तपेशींचा कर्करोग) सुमारे ४.७५ लाख, नॉन-हॉजकिन लिम्फोमाचे (लिम्फोमा म्हणजे लसीकाग्रंथींचा कर्करोग) ५.४४ लाख, मायलोमाचे (अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कर्करोग) १.७६ लाख आणि हॉजकिन लिम्फोमाचे ८३ हजार नवे रुग्ण होते. मात्र मायलोमा हा मुख्यतः उतारवयातला आजार असल्यामुळे समाजातील वृद्धांचे प्रमाण वाढले, की एकाही माणसाचा धोका न वाढता रुग्णसंख्या वाढते. म्हणूनच तुलनेसाठी वयानुसार प्रमाणित केलेला, म्हणजे वयोगटांचे प्रमाण सगळीकडे सारखे धरून काढलेला, दर लाख लोकांमागचा दर पाहावा लागतो.

त्यातही व्याख्या बदलतात, हे सहसा कोणी सांगत नाही. मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम (अस्थिमज्जेत सदोष रक्तपेशी तयार होणे) आणि पॉलिसायथेमिया व्हेरा (तांबड्या पेशी अतिरिक्त तयार होणे) हे विकार अमेरिकेच्या कर्करोग नोंदणीत २००१ पासून कर्करोग म्हणून मोजले जाऊ लागले. त्यामुळे आलेखावर दिसणारी रुग्णसंख्येतली उडी केवळ कागदावरची आहे. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या सावकाश वाढणाऱ्या ल्युकेमियाचे तर नवे रुग्ण फारसे न वाढताही, २००१ मध्ये इमॅटिनिब हे औषध आल्यानंतर रुग्ण दीर्घकाळ जगू लागल्यामुळे, आजारासह जगणाऱ्यांची संख्या वाढत गेली.

प्रतिसाद : सूक्ष्मदर्शी
वरील मुद्दे मान्य, पण सगळीच वाढ कागदी नव्हती. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत नॉन-हॉजकिन लिम्फोमाचा दर वर्षाला सुमारे ३ ते ४ टक्क्यांनी वाढत होता. त्याचा काही भाग एड्समुळे होता, निदानाच्या सुधारलेल्या पद्धतींनी आणखी काही भाग स्पष्ट होतो, आणि उरलेल्याचे समाधानकारक कारण आजही देता येत नाही.

आनुवंशिकतेबाबत एकच उत्तर नाही. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया हा ल्युकेमियाचा आणखी एक प्रकार पूर्व आशियात दुर्मीळ आहे आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या जपानी-चिनी वंशाच्या लोकांतही तो कमीच आढळतो. येथे अनुवंशाचे पारडे जड दिसते. याउलट शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी १९५८ मध्ये युगांडातील मुलांमध्ये वर्णिलेला लिम्फोमा मलेरियाच्या पट्ट्यात एकवटलेला आहे, आणि त्याच्याच पेशींत १९६४ मध्ये एपस्टीन-बार विषाणू सापडला. हा विषाणू जगभर बहुतेकांच्या शरीरात असतो, म्हणजे तो एकटा पुरेसा नाही. नैऋत्य जपान आणि कॅरिबियन बेटांवरील टी-पेशींचा (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) ल्युकेमिया एचटीएलव्ही-१ विषाणूमुळे होतो. हा विषाणू आईच्या दुधातूनही संक्रमित होतो आणि आजार उमटायला कित्येक दशके लागतात.

एक वाचक
आभारी आहे. मग काही गरीब देशांत बालकांतील ल्युकेमियाचा दर कमी दिसतो, तो खरा मानावा का?

नोंदवही
पूर्णतः नाही. ताप, रक्तक्षय आणि रक्तस्राव ही त्याची लक्षणे संसर्गजन्य आजारांसारखीच दिसतात; रक्ताची तपासणी होण्यापूर्वीच मूल दगावले, तर मृत्यू तापाच्या नावावर जमा होतो आणि ल्युकेमियाचा रकाना रिकामा राहतो.