मुंबई–लंडन विमानप्रवास: आईच्या इन्सुलिनची वेळ कशी ठरवावी?

मदत हवी आहे. आई जूनमध्ये मुंबईहून हीथ्रोला एकटीच येतेय. हवाई अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. ताशी ९०० धरले तर आठ तास, पण तिकिटावर जाताना दहाच्या आसपास आणि परतताना नऊ दिसतात. समोरचा पश्चिमी वारा हे कारण कळलं. शिवाय एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद, म्हणून वळसा. उन्हाळ्यात घड्याळ साडेचार तास मागे जाणार, म्हणजे तिचा दिवस तेवढा लांबणार. रात्रीचं इन्सुलिन भारतीय वेळेनेच घ्यावं का? डॉक्टरांना विचारणारच आहोत, पण कुणाच्या आईवडिलांनी असा प्रवास केला असेल तर जेवणाच्या वेळा कशा सांभाळल्या, कृपया सांगा. मला फार काळजी वाटतेय.