फक्त हायवे नाही, हंगामही बघा

एका दादांनी लिहिलंय की धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हायवे एकत्र येतात, म्हणून एचआयव्ही ट्रकवाल्यांमुळे पसरतो. अर्धंच खरं आहे. ढाब्यांइतकंच आपल्याकडच्या हंगामी स्थलांतराकडेही बघायला हवं.

ऊसतोडीला नवरा-बायको जोडीनं जातात. सुरतेला बांधकामावर मात्र पोरं एकटी, एका खोलीत आठ-दहा जण. हातात रोख पैसा, ओळखीचं कोणी नाही. धोका प्रवासात नसतो, कंडोमशिवायच्या संबंधात असतो. आणि निदान बहुतेकदा कुणाचं आधी होतं? गावातल्या बाईचं, कारण गरोदरपणात तिची तपासणी होते. मग बोलही तिलाच!

दुसरं म्हणजे औषधं. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीचा विषाणू दाबून ठेवणाऱ्या गोळ्या सरकारी केंद्रात 2004 पासून फुकट मिळतात, पण रोज घ्याव्या लागतात. दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी निघाली की गोळ्या गुजरातेत बारडोलीकडे संपतात आणि माणूस आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) तसाच राहतो. खंड पडला की विषाणू पुन्हा वाढतो, औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. निघण्याआधीच केंद्रात सांगावं: जास्त महिन्यांच्या गोळ्या मागाव्यात, नाहीतर तिकडच्या केंद्रासाठी बदली चिठ्ठी घ्यावी. मुकादमाला कारण सांगायची गरज नाही, 2017 च्या कायद्यानं गुप्तता हा हक्क आहे.

तपासणी शिबिरं ऐन जानेवारीत, गाव रिकामं असताना कशाला? सातपुड्यात होळीला सगळे परततात, तेव्हा घ्या. शंका असेल तर 1097 या एचआयव्ही हेल्पलाइनवर फोन करा, फुकट आहे.