क्यू, डेक, रिंग बफर: कुठला शब्द कशासाठी?

प्रश्न: एका टोकाने भरायचं, दुसऱ्या टोकाने काढायचं आणि मधला कुठलाही घटक इंडेक्सने (म्हणजे क्रमांकाने) चटकन वाचायचा. अशा रचनेला नुसतं 'क्यू' म्हटलं तर चालेल का?

उत्तर: अपुरं पडेल. 'क्यू' हे वागणुकीचं नाव आहे: जो आधी आला तो आधी बाहेर. आत अ‍ॅरे (सलग क्रमांकित जागा) आहे की लिंक्ड लिस्ट (साखळीने जोडलेले घटक), हे त्यातून कळत नाही, इंडेक्सचा तर उल्लेखही नाही. 'डेक'मध्ये दोन्ही टोकांना घालता-काढता येतं, पण तेही वागणुकीचंच नाव. तुम्हाला हवा तो शब्द 'रिंग बफर', कारण तो आतली बांधणी सांगतो: गोल अ‍ॅरे, शेवटच्या जागेनंतर पुन्हा जागा 0.

समजा 8 जागांचा अ‍ॅरे आहे, सुरुवात जागा 6 वर, घटक तीन. ते बसतात 6, 7 आणि 0 वर. इंडेक्स 2 चा (मोजणी 0 पासून, म्हणजे तिसरा) घटक हवा? 6 अधिक 2, भागिले 8, बाकी 0. झालं, एका हिशोबात जागा सापडली. पुढचा घटक काढायचा तर सुरुवात 7 वर न्यायची, बाकी कुणाला हलवायचं नाही.

प्रश्न: आणि अ‍ॅरे भरला की?

उत्तर: दुप्पट मोठा घ्यायचा. मात्र जुना जसाच्या तसा उचलून ठेवलात तर फसाल: 7 नंतर आता 8 येतो आणि तिथे काहीच नसतं. सुरुवातीपासून क्रमाने, नव्या अ‍ॅरेच्या 0 पासून मांडत जायचं. ही हलवाहलव क्वचितच होते; तिचा खर्च सगळ्या भरण्यांवर वाटला की प्रत्येकीच्या वाट्याला थोडाच येतो. अशा वाटून धरलेल्या खर्चाला 'अमॉर्टाइज्ड' म्हणतात. त्याला कृपया 'सरासरी' म्हणू नका. सरासरीत नशिबाचा भाग येऊ शकतो, इथे एकूण खर्चाची हमी असते.

आणखी एक गोष्ट: नावावर विसंबू नका, प्रत्येक प्रोग्रामिंग भाषेत आतली बांधणी वेगळी असते. पायथनचा डेक टोकांना झटपट, पण आत साखळीने जोडलेले ब्लॉक असल्याने मधला इंडेक्स गाठायला लांबीच्या प्रमाणात वेळ घेतो. सी++ चा डेक कुठलाही इंडेक्स स्थिर वेळात देतो, लांबी कितीही असो. जावाच्या अ‍ॅरेडेकमध्ये गोल अ‍ॅरेच आहे, तरी इंडेक्सने वाचायची सोयच ठेवलेली नाही! रस्टच्या व्हेकडेकमध्ये मात्र दोन्ही मिळतं.

जाता जाता: 'डेक' ही रचना, 'डीक्यू' ही घटक काढण्याची क्रिया. बोलताना सरमिसळ फार होते.