विषय: बॉन्डायची शिल्पं आणि कळंबकडचं वावर

प्रेषक: रायडवाली ताई

नमस्कार मंडळी,

शनिवारी इथे सिडनीत 'स्कल्प्चर बाय द सी' हे समुद्रकाठचं शिल्पप्रदर्शन बघून आलो. ज्यांचं अजून राहिलंय त्यांच्यासाठी: बॉन्डाय ते टॅमरामा, दोनेक किलोमीटरची कड्यावरची वाट, शंभराच्या आसपास शिल्पं, तिकीट नाही. गाडी नेऊ नका, पार्किंगपायी अर्धा दिवस जाईल. 333 नंबरची बस बरी. सकाळी लवकर निघा, दहानंतर वाटेवरच्या मार्क्स पार्कात नुसती जत्रा. डोळे मिटून म्हटलं असतं की शेगावला आलोय, फक्त तोंडावर खारा वारा.

रविवार मात्र घरीच. जॅकरँडा फुललाय, अंगणभर जांभळा सडा पडलाय आणि तो झाडायचा कुणाला धीर होत नाही. पापड वाळत घातले होते, त्यातले निम्मे कॉकाटू पोपटांनी पळवले.

भाऊ, तुम्ही गावी आहात म्हणून फोटो वेगळे पाठवलेत. मिळाले का?

प्रेषक: वऱ्हाडी भाऊ, सध्या मु. पो. वावर

ताई,

मिळाले, पण रेंज फक्त धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) कडुलिंबाखाली येते. त्यामुळे तुमचं प्रदर्शन वावरातच भरलं. सोयाबीनची सोंगणी उरकून गंजी लागलीय, पराटी (कपाशी) फुटायला लागलीय, वेचणीआधीची सीतादहीची पूजा झाली आणि वेचणी सुरू आहे. दुपारच्या भाकरीला बाया सावलीत बसल्या, तेव्हा माझा फोन जो हातोहात फिरला तो थेट बॅटरी संपल्यावर परत आला.

काकाजींचा पहिला प्रश्न: "तिकीट नाही, कुंपन नाही, मंग रातच्यानं जागल कोन करते?" हसू नका. इकडे हरभरा वर आला की रोही (नीलगायी) आणि रानडुकरं रात्रीतून वावर साफ करतात. थंडीत माचीवर टॉर्च घेऊन बसणाऱ्या माणसाला उघड्यावर ठेवलेली वस्तू दिसली की आधी हेच सुचणार. दुसरा प्रश्न शेजारच्या गड्याचा होता: "लोखंडच आहे ना ते? भंगारवाला नेत नाही काहाले?" दोन्हींना माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. कुणाला माहीत असेल तर लिहा.

मग मी माझे जुने फोटो काढले. 2011 साली टॅमरामाच्या वाळूत उभा केलेला तो अवाढव्य नळ आठवतो? एक मावशी बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "येवढा नळ! अन् पानी कुठी आहे?" त्या नळाचं नावच मुळी 'नळ कुणी चालू ठेवला?' असं होतं, हे सांगितल्यावर सगळ्याजणी खो खो हसल्या. "आमच्या गावात आना म्हना, मे महिन्यात. चालू ठेवाले नळात असलं तं पायजे!" 2014 चा तो भलामोठा फ्रायपॅनही दाखवला. त्यावर किती भाकरी होतील याचा हिशोब झाला, आणि सरपण किती लागेल याचाही.

चकचकीत स्टीलच्या वेटोळ्यांपाशी मात्र कुणाचं बोट थांबलं नाही. खरं सांगू? माझेही पाय तिथे थांबत नाहीत. शेजारची पाटी वाचून मगच कौतुक करायचं, हे प्रकरण मला झेपत नाही. जे बघितल्याबरोबर माणूस बोलायला लागतो ते शिल्प चांगलं, असं माझं अडाणी मत.

डेव्हिड हँडली नावाच्या माणसाने 1997 मध्ये हे सुरू केलं, तेव्हा ते एकाच दिवसाचं होतं, हे सांगितल्यावर काकाजी म्हणाले, "आपला तान्हा पोळा बी येकाच दिवसाचा असते." आणि तिथून माझ्या डोक्यात किडा शिरला.

आपल्याकडे लाकडी बैल, खाली चाकं, अंगावर झूल, शिंगांना बेगड. पोरं ते ओढत घरोघर जातात, लोक सजावट बघतात आणि बोजारा, म्हणजे खुशाली, देतात. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनची चाल. ना गेट, ना तिकीट, ना पाटी. आणि पोळा येतो तिकडचा वसंत सुरू व्हायच्या सुमारासच! पुढच्या वर्षी मंडळाने गणपतीआधी समुद्रकाठी तान्हा पोळा का भरवू नये? गावचे सुतारदादा सागवानी बैल करून द्यायला तयार आहेत.

प्रेषक: रायडवाली ताई

भाऊ, काकाजींना सांगा, जागल आहे. सूर्योदयाला गेलं की रात्रपाळीचे राखणदार जांभया देत भेटतात. बरीच शिल्पं विक्रीलाही असतात, म्हणजे माल फुकटचा नाही! पण मला वाटतं खरी राखण वाऱ्यापासून करावी लागत असणार. दक्षिणेचा वारा सुटला की तासाभरात हवा पालटते आणि कड्यावर उभं राहवत नाही. त्या वाऱ्यात तुमच्या बैलांच्या झुली थेट उत्तरेला क्वीन्सलंडपर्यंत जातील. म्हणून समुद्र नको, एखादा पार्क बघू. परवानगी कौन्सिलकडून तशीही काढावी लागेलच.

प्रेषक: मंडळाचे खजिनदार

कल्पना झकास, पण लाकूड आहे हे विसरू नका. विमानतळावर कार्डावर लिहावं लागतं आणि ते तपासतात. सालीचा तुकडा राहिला असेल किंवा किडीचं भोक दिसलं, तर एकतर औषधफवारणीचा खर्च आपल्या माथी, नाहीतर बैल गेला. सुतारदादांना म्हणावं, लाकूड जुनं, वाळलेलं घ्या, नीट तासा. पोटात गवत, भुसा काही भरू नका.

बोजारा मंडळाच्या खात्यातून मिळणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

प्रेषक: वऱ्हाडी भाऊ, सध्या मु. पो. वावर

खजिनदार, बोजारा तुमच्या खिशातून घेऊ, पोरं दारात येऊन बसतील!

सुतारदादा म्हणतात, वीतभर उंचीचे केले तर बॅगेत मावतील. कापूस घरात आला की मी परत निघेन, त्याआधी कुणाला किती हवेत ते कळवा. जोडी हवी की एकटा, तेही लिहा.

प्रेषक: पॅरामाटाची वहिनी

माझी एक जोडी. चाकं लाकडीच ठेवायला सांगा भाऊ, रबराची नकोत. फुटपाथवर खडखड वाजली पाहिजेत.