नूतनीकरणानंतरचा गावचा पब: जुन्या गिऱ्हाइकाला तेथे जागा उरली आहे का?

डर्बीशायरी (मूळ लेख)

इंग्लंडच्या खेड्यांत किंवा खेड्यांच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींपुढे एक विषय चर्चेसाठी ठेवत आहे. आमच्या भागातला एक जुना दगडी पब मालक कंपनीने मध्यंतरी काही महिने बंद ठेवला आणि आतून संपूर्ण नवा करून पुन्हा उघडला. त्यानंतर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी लिहिलेले अभिप्राय मी तारखेच्या क्रमाने वाचले, तेव्हा त्यांतला बदल लक्षणीय वाटला. सुरुवातीचे अभिप्राय स्वच्छतागृहे, उजेड, मुलांसाठीचे पदार्थ आणि रविवारचे रोस्ट यांच्या कौतुकाने भरलेले आहेत. वर्ष उलटल्यावर दर वाढल्याची, पदार्थांची संख्या घटल्याची, सोमवार-मंगळवार दार बंद असल्याची आणि नोकरवर्ग सतत बदलत असल्याची तक्रार सुरू होते. अगदी अलीकडच्या अभिप्रायांत तर, जेवायचे नसेल तर बसायचे कोठे, हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारलेला आहे.

माझा मुद्दा या शेवटच्या प्रश्नाशी आहे. रंगरंगोटीबद्दल माझी फारशी तक्रार नाही. सगळीकडे एकच करडा रंग का फासतात हे कोडे मला सुटलेले नाही, पण करड्या भिंतीशेजारी बसूनही बिअर पिता येते. बारजवळची छोटी खोली, जिला येथे ‘स्नग’ म्हणतात, ती मात्र आता आठ जणांच्या जेवणाचे टेबल ठेवण्यासाठी वापरली जाते. डार्ट्सचा फळा गेला. बारपाशी उभे राहण्याच्या जागेत उंच खुर्च्या आणि त्यांच्यापुढे ‘राखीव’ अशा पाट्या आल्या. पूर्वी गिऱ्हाईक स्वतः बारपाशी जाऊन पेय मागत असे आणि तेवढ्या दोन मिनिटांत शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी हवापाण्याचे बोलणे होत असे. आता दारातच ‘बुकिंग आहे का?’ असे विचारतात, टेबलापर्यंत नेऊन सोडतात आणि बिलात साडेबारा टक्के सेवाशुल्क आपणहून जोडतात.

एकट्या माणसाने अर्धा पाइंट घेऊन, काहीही न खाता, कोणाच्या डोळ्यांत न खुपता तासभर बसावे, ही सोय ज्या घरात आहे त्याला मी पब म्हणतो. ती सोय गेली, तर उरते ते तुळया असलेले रेस्टॉरंट. अभिप्राय लिहिणारे बहुतेक जण लांबून मोटारीने आलेले असतात. रोज संध्याकाळी येणारे शेतमजूर, निवृत्त पोस्टमन, एकटे राहणारे वृद्ध हे अभिप्राय लिहीत नाहीत, ते फक्त येणे बंद करतात. त्यामुळे नूतनीकरण यशस्वी झाले की नाही, हे ताऱ्यांच्या संख्येवरून ठरवता येणार नाही, असे माझे मत आहे.

केंटवासी

धागाकर्त्यांच्या मताशी मी पूर्णपणे असहमत आहे. ज्या सोयीबद्दल त्यांनी इतक्या आत्मीयतेने लिहिले आहे, ती सोय पुरुषांची होती. आमच्या गावातल्या पबचे नूतनीकरण होण्यापूर्वी मी तेथे एकटी कधीच गेले नाही, कारण दार उघडताच बारपाशी बसलेली पाच-सहा डोकी एकदम वळत आणि आपण कोणाच्या तरी दिवाणखान्यात न विचारता शिरलो आहोत असे वाटत असे. शाकाहारी माणसाला बटाट्याच्या चकत्यांचे पाकीट आणि फार तर तळलेले चिप्स एवढेच मिळे. आज त्याच जागी मी सासूबाईंना आणि मुलांना घेऊन जाते, दोन-तीन शाकाहारी पदार्थ असतात, आणि चहा मागितला तर कोणी भुवया उंचावत नाही.

मुलांच्या बाबतीत तर ही परंपरा कायद्याने बांधलेली होती. 1964 च्या परवाना कायद्यानुसार चौदा वर्षांखालील मुलांना बारमध्ये प्रवेशच नव्हता. पुढे 2007 च्या जुलैत इंग्लंडमध्ये बंदिस्त सार्वजनिक जागांतल्या धूम्रपानावर बंदी आली, तेव्हाही पब संपले अशी हाकाटी झाली होती. तुमचा निवृत्त पोस्टमन येईनासा झाला याचे मला वाईट वाटते. परंतु जी माणसे पूर्वी आतच येऊ शकत नव्हती, त्यांच्या अनुभवाला या हिशेबात काही किंमत आहे की नाही?

जुनी_वीट

दोन्ही बाजूंनी ‘जुना पब’ हा शब्द फार सैलपणे वापरला जात आहे. डर्बीशायरी ज्या अंतर्भागाबद्दल हळहळत आहेत, तो बहुधा 1960-70 च्या दशकांतल्या नूतनीकरणातून आलेला असेल. त्याआधी एका छताखाली दोन किंवा अधिक खोल्या असत: साधा ‘पब्लिक बार’, जेथे फरशी उघडी आणि बिअर थोडी स्वस्त, आणि ‘सलून बार’, जेथे गालिचा आणि गाद्यांच्या खुर्च्या. मधल्या भिंती पाडून एकच मोठी खोली करण्याची लाट त्या काळात आली. एका बारवरून सगळीकडे नजर ठेवता येते, नोकर कमी लागतात, आणि परवाने देणाऱ्या न्यायाधीशांनाही देखरेखीच्या दृष्टीने मोकळी खोली बरी वाटे. घोड्यांच्या पितळी पदकांची रांग आणि नक्षीदार गालिचा ही तर पुष्कळ ठिकाणी त्याच वेळची सजावट आहे. 1971 मध्ये स्थापन झालेल्या ‘कॅमरा’ या ग्राहक संघटनेने पारंपरिक बिअरच्या जोडीने जुन्या अंतर्भागांची सूची करायला घेतली, ती अशा पाडापाडीमुळेच. सूचीत नाव यावे इतका मूळ स्वरूपात टिकलेला पब आज दुर्मीळ आहे.

म्हणून रंग आणि फर्निचर यांचा वाद सोडून द्यावा. स्नग जेवणाला दिला हा आक्षेप मात्र मला मान्य आहे, कारण तो खोलीच्या वापराबद्दल आहे.

तळघरातला

काही वर्षे मी एका पबच्या तळघराची व्यवस्था पाहिली आहे, म्हणून अभिप्राय वर्षभराने का बदलतात याचे एक कारण सांगतो. येथे कोणीच बिअरबद्दल बोललेले नाही याचे आश्चर्य वाटते.

कास्क एल, म्हणजे पिंपातच मुरणारी पारंपरिक बिअर, हा जिवंत पदार्थ आहे. पिंपात यीस्ट काम करत असते, ते तळाशी बसू द्यावे लागते, तळघर साधारण 11 ते 13 अंश सेल्सियसवर ठेवावे लागते, आणि हातपंपाने बिअर ओढायला सुरुवात झाली की आत हवा जाऊ लागते. तेथून तीन दिवसांत पिंप संपले पाहिजे. सर्वांत नेहमीचे पिंप, म्हणजे ‘फर्किन’, नऊ गॅलनचे. त्यात 72 पाइंट. गाळ आणि नासाडी धरली नाही, तरी रोज चोवीस पाइंट खपले तर एक हातपंप चालवणे रास्त. नूतनीकरणानंतर पहिल्या काही महिन्यांत गर्दी असते, पाच पंप लावले तरी पाचही पिंपे वेळेत संपतात, आणि सगळे जण बिअरची वाहवा करतात. गर्दी ओसरते, उरलेली गिऱ्हाइके जेवणासोबत वाइन घेतात, पण पाच चकचकीत पंप दिसायला छान म्हणून कोणी काढत नाही. मग मंगळवारी बंद, बुधवारी उघडा, आणि रविवारी फोडलेल्या पिंपातली आंबूस बिअर गुरुवारी गिऱ्हाइकाच्या पेल्यात. पारखणारे गिऱ्हाईक एकदा तोंड वाकडे करते आणि पुन्हा येत नाही. ते न आल्यामुळे खप आणखी घटतो.

म्हणजे अर्धा पाइंट घेऊन बसणारा तो म्हातारा पबवर भार नव्हता. आठवड्यातले सुने दिवस पिंप हलते ठेवण्याचे काम तोच करत होता.

हिशेबनीस

तळघरातले गणित बरोबर आहे, पण वरच्या मजल्यावरचे गणितही पाहायला हवे. एप्रिल 2025 मध्ये काय झाले तेच पाहा: चालकाने एकवीस किंवा अधिक वयाच्या नोकराला तासाला किमान 12.21 पौंड द्यायचे ठरले, राष्ट्रीय विम्यातला मालकाचा हिस्सा 13.8 वरून 15 टक्के झालेला आणि तो वार्षिक 9,100 पौंडांऐवजी 5,000 पौंडांच्या पगारापासूनच लागू होणारा, स्थानिक व्यवसायकरावरची सवलत 75 वरून 40 टक्क्यांवर आलेली, आणि विक्रीवर वीस टक्के व्हॅट. यात तासाभरात अर्धा पाइंट घेणाऱ्या माणसावर दिवे आणि शेगडी चालत नाहीत. देशात 2000 च्या सुमारास साठ हजारांच्या आसपास पब होते, ते आता पंचेचाळीस हजारांच्या घरात आहेत. धागाकर्त्यांना रेस्टॉरंटसारखा पब नको आहे; पण तो झाला नसता, तर त्या जागी बहुधा चार खोल्यांचे खासगी घर उभे राहिले असते.

डर्बीशायरी

हिशेबनीस, तुमचे आकडे मी नाकारत नाही. मात्र हे पैसे कोणाच्या खिशात जातात तेही सांगावे. आमचा पब ‘टाय’ पद्धतीचा आहे, म्हणजे चालक हा कंपनीचा भाडेकरू. त्याने भाडे द्यायचे आणि बिअरही कंपनीकडूनच, तिच्या दराने घ्यायची. नूतनीकरण झाले की भाडे वाढते. वाढलेले भाडे भरण्यासाठी चालक जेवणाचे दर वाढवतो, ते पुरले नाही की आचारी कमी करतो, आणि शेवटी पब सोडून जातो. आमच्याकडे नूतनीकरणानंतर चालक बदलला, आणि अभिप्रायांचा सूर बदलला तो त्याच सुमारास. 1989 च्या सरकारी आदेशाने मोठ्या बिअर कंपन्यांच्या हातातले पब कमी करायला लावले, तर ते पब नव्या मालमत्ता कंपन्यांकडे गेले. 2016 मध्ये पब संहिता आली आणि पाचशे किंवा अधिक ‘टाय’ पब असलेल्या कंपन्यांच्या भाडेकरूंना, विशिष्ट प्रसंगी, केवळ बाजारभावाचे भाडे देऊन बिअर कोठूनही घेण्याचा पर्याय मागण्याची सोय झाली. तो मार्ग किचकट आहे, आणि नवा चालक त्या वाटेला सहसा जात नाही.

केंटवासींना एवढेच सांगतो की तुमच्या सासूबाईंसाठी खुर्ची हवी यात दुमत नाही. तुमची खुर्ची आणि पोस्टमनचे स्टूल एकाच घरात मावत होते. नकाशा काढणाऱ्याने स्टूल काढले.

केंटवासी

मावत होते हे तुम्ही म्हणता. मी दार उघडून परत फिरलेली आहे, त्यामुळे मला तसे ठामपणे म्हणता येत नाही.

स्मेथिक_मार्गे

जुन्या पबबद्दल हळहळताना आपण भारतीय आहोत हे विसरू नये. वेस्ट मिडलंड्समध्ये 1960 च्या दशकात कित्येक पबमध्ये काळ्या आणि आशियाई माणसाला चांगल्या खोलीत बसू देत नसत, काही ठिकाणी पेयही देत नसत. 1965 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स तिथल्या स्मेथिक गावी आले होते, ते या भेदभावाच्या पार्श्वभूमीवर. त्याच वर्षाच्या अखेरीस वंशसंबंध कायदा आला आणि सार्वजनिक जागेतला असा भेदभाव बेकायदा ठरला.

पुढे कारखाने बंद पडू लागले, जुनी गिऱ्हाइके घटली, आणि त्याच भागातले अनेक पब पंजाबी कुटुंबांनी चालवायला घेतले. आज त्यांना ‘देसी पब’ म्हणतात. स्मेथिक आणि वेस्ट ब्रॉमविचच्या अशा पबमध्ये जाऊन पाहावे: जेवण भरपूर खपते, तंदुरी मिक्स्ड ग्रिलच्या तापलेल्या तव्यांचा धूर खोलीभर असतो, बायका-मुले असतात, आणि तरीही बारपाशी जुना इंग्रज गिऱ्हाईक पाइंट घेऊन उभा असतो, काही ठिकाणी डार्ट्सही चालू असतात. जेवणाने पब मरतो हे डर्बीशायरींचे म्हणणे मला पटत नाही, आणि जेवण आणायचे तर बार रिकामा करावाच लागतो हे हिशेबनिसांचे गृहीतकही पटत नाही. तेथे मालक स्वतः बारमागे उभा असतो, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

हिशेबनीस

बार रिकामा करावाच लागतो असे मी म्हटलेले नाही. बारवर भागत नाही असे म्हटले आहे. शिवाय स्मेथिकची लोकवस्ती आणि चारशे माणसांचे खेडे यांची तुलना होत नाही. घरातलीच माणसे राबतात तेथे मजुरीचा हिशेब वेगळा असतो, आणि खेड्यात तसे कुटुंब मिळेलच असे नाही.

जुनी_वीट

धागाकर्त्यांनी गावकऱ्यांच्या हाती काय आहे हे विचारले नाही, तरी सांगतो. 2011 च्या स्थानिक स्वराज्यविषयक कायद्याखाली पॅरिश कौन्सिलला (गावपातळीवरच्या स्थानिक परिषदेला) किंवा किमान एकवीस स्थानिक रहिवाशांच्या गटाला पबची ‘समाजोपयोगी मालमत्ता’ म्हणून नोंद मागता येते. मग मालकाने विकायला काढल्यास गावाला बोली उभारण्यासाठी सहा महिने मिळतात; मात्र गावालाच विकावे असे बंधन मालकावर नाही. गावाने एकत्र येऊन पब घेतल्याची उदाहरणे या कायद्याच्याही आधीची आहेत: कम्ब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केटचा ‘ओल्ड क्राउन’ 2003 मध्ये सहकारी मालकीचा झाला.

ही नोंद विक्रीपुरती आहे, आतल्या खोल्यांना तिचे संरक्षण नाही. स्नग पाडू नये असे वाटत असेल तर इमारत वारसा यादीत असावी लागते आणि आतल्या बदलालाही परवानगी लागते. स्नगची भिंत उभी ठेवून फक्त टेबल बदलले, तर तोही कायदा मध्ये येत नाही, आणि डर्बीशायरींच्या पबमध्ये नेमके तेच झालेले दिसते. तेव्हा टेबलाबद्दल चालकाशीच बोलावे लागेल. गुरुवारी संध्याकाळी स्नग बुकिंगविना मोकळा ठेवला तर एक पिंप नक्की संपेल, हे तळघरातल्यांचे गणित त्याच्यापुढे मांडून पाहावे. विक्रीची नोंद मात्र आताच करून घ्यावी. ती पाच वर्षे टिकते, त्यानंतर पुन्हा अर्ज करावा लागतो.