मदत हवी आहे: ४×५ इंच फिल्मच्या कॅमेऱ्यावरून ८×१० इंचवाल्यावर जायचंय, लेन्सचं काय करू?

मंडळी, ४×५ वर हात बसलाय, आता ८×१० घ्यायचं डोक्यात आहे, कारण एन्लार्जर (निगेटिव्हवरून मोठा प्रिंट काढायचं यंत्र) नाही आणि मोठे कॉन्टॅक्ट प्रिंट (निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून, तिच्याच मापाचे) काढायचेत. अडचण लेन्सची, माझी २१० एमएम लांबच्या सीनला ८×१० चे कोपरे काळे सोडणार, जवळच्या पोर्ट्रेटला बेलोज (लेन्स आणि फिल्ममधला घड्यांचा भाता) लांबल्यावर प्रतिमा मोठी पडते म्हणून चालून जाईल बहुतेक, तर ३०० एमएमची आत्ताच घेऊ का थांबू? फिल्मचं क्षेत्रफळ चौपट म्हणजे खिशालाही तसाच फटका, म्हणून सुरुवात ग्रीन सेन्सिटिव्ह एक्स-रे फिल्मवर, तिच्यावर लाल प्रकाशाचा परिणाम होत नाही म्हणून लाल दिव्यात ट्रेमध्ये बघत डेव्हलप करता येते हे बरंय, पण दोन्ही बाजूंना इमल्शन (प्रतिमा उमटते तो नाजूक थर) त्यामुळे ओरखडे फार पडतात म्हणे. ट्रेच्या तळाला काच ठेवून कोणी केलंय का? आणि जुना लाकडी कॅमेरा घेताना बेलोजची भोकं सोडून अजून काय तपासायचं?