सोनी ए६४०० वर जुनी मॅन्युअल टेलिफोटो: फोटो धुरकट का येतात, आणि पुढची लेन्स कोणती घ्यावी?

शिवडीकर

नमस्कार मंडळी,

कॅमेरा सोनी ए६४००. त्यावर निकॉर (निकॉनची) जुनी २०० मिमी एफ/४ (एआय) साध्या, काच नसलेल्या अडॅप्टरने लावली आहे. लेन्स मित्राची आहे. तीच विकत घ्यावी की दुसरी शोधावी, हे ठरवायचं आहे. विषय मुख्यतः शिवडीचे फ्लेमिंगो, अधूनमधून शिवाजी पार्कवरचं क्रिकेट.

अडचण अशी की सकाळी शिवडी जेट्टीवरून काढलेले फोटो धुरकट येतात. काळा रंग करडा दिसतो, गुलाबी फिका पडतो. एफ/४ वर जसं, तसंच एफ/८ वर. फोकस मात्र बरोबर असतो, मोठं करून पाहिलं की पिसं सुटी दिसतात. ही बुरशी असेल का?

दुसरं, एक टेअर-३ (३०० मिमी एफ/४.५, एम४२ पेचाची) आणि एक ५०० मिमी एफ/८ ची मिरर लेन्स (आत आरसे असलेली) स्वस्तात मिळते आहे. २०० सोडून तिकडे वळावं का? सेटिंग्ज आणि पावसाळ्यात लेन्स कशी ठेवायची, हेही कुणी नीट सांगितलं तर बरं होईल.

खाडीचा_उजेड

तुमच्या वर्णनातच अर्धं उत्तर आहे. जुन्या लेन्सचा पूर्ण उघड्या छिद्रावरचा (अ‍ॅपर्चर) मऊपणा एफ/८ पर्यंत जातो. तुमचा जात नाही, म्हणजे दोष भिंगांच्या आखणीत नाही, भलताच उजेड सेन्सरवर पोहोचतो आहे. तो तीन ठिकाणांहून येऊ शकतो: समोरचा सूर्य, लेन्समधली बुरशी किंवा धूसर थर, आणि अडॅप्टरची आतली भिंत. या तिसऱ्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं, आणि बहुतेक वेळा तोच गुन्हेगार असतो.

कारण सरळ आहे. ही लेन्स ३५ मिमी फिल्मसाठी, म्हणजे साधारण ४३ मिमी व्यासाच्या प्रतिमेसाठी बनलेली. तुमच्या सेन्सरचा कर्ण जेमतेम २८ मिमी. उरलेला सगळा उजेड अडॅप्टरच्या नळीत भिंतीवर आपटतो. निकॉन एफ बैठकीचं (लेन्स जिथे अडकते ते कडं) फिल्मपासूनचं अंतर ४६.५ मिमी, सोनी ई चं १८ मिमी, म्हणजे मध्ये २८.५ मिमीची नळी. स्वस्त अडॅप्टरमध्ये ती काळी असते खरी, पण चकचकीत काळी. शिवाय फिल्मपेक्षा सेन्सर जास्त उजेड परत फेकतो, तो पुन्हा मागच्या भिंगावरून उलटतो.

तपासणी: लेन्स अडॅप्टरसकट कॅमेऱ्यावरून काढा, छिद्र एफ/४ ला ठेवा, उजळ आकाशाकडे धरा (सूर्याकडे नव्हे) आणि मागच्या बाजूने डोळा जरा बाजूला ठेवून आत पाहा. नळीच्या भिंतीवर उजळ कडं दिसलं, पेचांचे आटे किंवा खाचा लखलखताना दिसल्या, की समजायचं.

उपाय: पाठीला गोंद असलेला काळा मखमली कागद, म्हणजे दुर्बिणीवाले नळीत लावतात तो फ्लॉकिंग पेपर. आतल्या भिंतीवर एकसंध पट्टी बसवा. तुमच्या अडॅप्टरवर जी-लेन्ससाठी (निकॉनच्या, स्वतःची छिद्राची रिंग नसलेल्या) छिद्राची रिंग असेल तर आत एक छोटी तरफ फिरते, तिच्या वाटेत कागद येऊ देऊ नका. कापलेल्या कडेचे तंतू सेन्सरवर पडतात, म्हणून लावण्याआधी कडेवरून चिकटपट्टी दाबून ओढून घ्या. त्यावरही फरक कमी वाटला तर नळीच्या लेन्सकडच्या तोंडाला काळ्या कार्डाची चौकट बसवा, खिडकी साधारण ३० बाय २४ मिमी, लांब बाजू सेन्सरच्या लांब बाजूला समांतर. नंतर एफ/४ वर कोऱ्या भिंतीचा फोटो काढून कोपरे काळवंडत नाहीत ना ते पाहा. काळवंडले तर खिडकी मिलिमीटरभर वाढवा.

आता सूर्य. शिवडीची खाडी जेट्टीच्या पूर्वेला आहे. सकाळी तुम्ही सूर्याकडे तोंड करूनच उभे असता, आणि या वयाच्या लेन्सला ते सोसत नाही. तीच जागा दुपारी चारनंतर धरा, उजेड पाठीमागून येईल आणि गुलाबी रंग भरून दिसेल. सकाळच हवी असेल तर पलीकडच्या काठावर, ऐरोलीच्या बाजूला जा, तिथून पाहताना सूर्य पाठीशी असतो. २०० एफ/४ ला स्वतःचा सरकता हूड आहे, तो पूर्ण बाहेर ओढा. क्रॉप सेन्सरला तोही आखूडच पडतो, तेव्हा ५२ वरून ५८ मिमीची स्टेप-अप रिंग आणि त्यावर टेलिफोटोचा धातूचा हूड लावा.

थांबून_टिपा

वरच्या प्रतिसादाला +१. सेटिंग्जचं मी सांगतो.

साध्या अडॅप्टरवर कॅमेऱ्याला लेन्स लागल्याचं कळतच नाही, म्हणून 'रिलीज विदाउट लेन्स' चालू करावं लागतं. रिंग फिरवली की चित्र आपोआप मोठं होणारी सोयही याच कारणाने चालत नाही. फोकस मॅग्निफायर सी१ बटणावर द्या आणि त्याची वेळ 'नो लिमिट' करा. एकट्या पीकिंगवर (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय) भिस्त ठेवू नका. ते काँट्रास्ट पाहतं, नेमका फोकस नव्हे, आणि उन्हातल्या चमकत्या चिखलावर सगळीकडेच रंग दाखवतं. पीकिंगने जवळपास या, मग मॅग्निफायरने पक्ष्याच्या डोळ्यावर नेमकं करा.

मोड ए, म्हणजे छिद्र आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो. छिद्र लेन्सवरच्या रिंगने बदलायचं; मीटर आत येणारा उजेडच मोजतो, त्यामुळे एक्स्पोजर बरोबर येतं. ऑटो आयएसओ ठेवलं तर किमान शटर स्पीड हाताने १/५०० करा. लेन्सची लांबी माहीत नसल्यामुळे कॅमेरा स्वतः निवडतो तो वेग २०० मिमीला पुरत नाही, आणि ए६४०० च्या बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही. उडत्या पक्ष्यांना १/१००० च्या वर.

इथे एक खाच आहे जी कुणी सांगत नाही. इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन (शटरच्या पहिल्या पडद्याचं काम सेन्सरनेच करणं) चालू असेल तर वेगवान शटरवर, दुसऱ्या कंपनीच्या लेन्सने, फ्रेमच्या एका बाजूला एक्स्पोजर कमी-जास्त होऊ शकतं आणि मागचे धूसर गोल कापल्यासारखे दिसतात. तेव्हा १/१००० च्या पुढे ते बंद करा. ट्रायपॉडवर १/१०० च्या आसपास काम करताना पुन्हा चालू करा, नाहीतर यांत्रिक पडद्याच्या धक्क्यानेच फोटो हलतो.

इन्फिनिटीबद्दल: बहुतेक अडॅप्टर मुद्दाम केसभर पातळ बनवतात, त्यामुळे रिंग शेवटपर्यंत फिरवली की फोकस अनंताच्या पलीकडे जातो. दूरचे सगळे फोटो मऊ येण्याचं हे अगदी नेहमीचं कारण. उलट अडॅप्टर ०.१ मिमी जाड निघाला, तर लेन्स अनंताच्या खुणेवर असताना २०० मिमीचा फोकस ४०० मीटरवरच थांबतो. चंद्रावर मॅग्निफायर लावून एकदा तपासा आणि रिंगवर तेवढ्या जागी बारीक खूण करून ठेवा.

क्रिकेटला तर ही लेन्स चांगलीच आहे. सीमारेषेवरून, साधारण ६५ मीटरवरून, एफ/५.६ ला वीसेक मीटर खोली फोकसमध्ये राहते. फोटो अगदी मोठा करून पाहणार असाल तर त्याच्या निम्मी धरा. फलंदाजाच्या क्रीझवर आधीच फोकस लावून रिंगेला हातच लावायचा नाही. फलंदाज फ्रेमच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा येतो.

चिखलपाय

लेन्स कोणती, यावर थोडं वेगळं मत. आधी आकडे पाहा. छोटा फ्लेमिंगो साधारण ८५ सेंमी उंच धरला आणि तो ५० मीटरवर असेल, तर २०० मिमीने सेन्सरवर ३.४ मिमी येतो, म्हणजे फ्रेमच्या उंचीचा पाचवा हिस्सा, सुमारे ८७० पिक्सेल. ३०० ने ५.१ मिमी, १३०० पिक्सेल. ५०० ने ८.५ मिमी, फ्रेमच्या निम्म्याहून जास्त. कागदावर ५०० जिंकते. प्रत्यक्षात शिवडीला पक्षी पुष्कळदा याच्या दुप्पट-तिप्पट अंतरावर असतात, मधल्या तापलेल्या चिखलावरून हवा थरथरते, आणि त्या थरथरीतून लांब लेन्स फक्त थरथर मोठी करून दाखवते. सकाळी दहापासून ऊन कलेपर्यंत कुठलीही काच तिथे हतबल आहे. म्हणून लेन्स लांब करण्याआधी अंतर कमी करा: भरतीचं वेळापत्रक पाहून, पाणी चढत असतानाची वेळ गाठा. चिखल बुडत जातो तसे पक्षी काठाकडे सरकतात. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते, त्यामुळे कलत्या दुपारच्या उन्हात चढतं पाणी असेल असे दिवस आधीच निवडून ठेवता येतात.

टेअर-३ उत्तम लेन्स आहे, छिद्राला १६ पाती, मागचा धूसरपणा सुरेख. पण वजन साधारण दीड किलो. ती हातात धरून मॅन्युअल फोकस करणं जिकिरीचं आहे. ट्रायपॉडला लेन्सचा पाय लावायचा, कॅमेऱ्याचा नाही, नाहीतर सगळा भार अडॅप्टरच्या तीन-चार बारीक पेचांवर येतो. ते ढिले झाले की बैठक खेळते, फ्रेमची एक बाजू मऊ येते आणि आपण दोष भिंगाला देतो. पेच आवळताना लक्षात ठेवा, जपानी अडॅप्टर आणि लेन्सचे पेच बहुधा जेआयएस (जपानी मानक) खाचेचे असतात. साधा फिलिप्स त्यात नीट बसत नाही आणि डोकं झिजवतो.

मिरर लेन्स मी सुचवणार नाही. छिद्र एफ/८ वर कायमचं, मधल्या आरशामुळे प्रत्यक्ष उजेड त्याहून कमीच, काँट्रास्ट मुळातच दुबळा, आणि पाण्यावरच्या प्रत्येक चमकेचं मेदूवड्यासारखं कडं होतं. तुमची तक्रारच धुरकटपणाची आहे, तिथे ही लेन्स म्हणजे आगीतून फुफाट्यात. तरी घेतलीच, तर पेच तपासा. पुष्कळशा मिरर लेन्स टी२ नावाच्या पेचाच्या असतात. एम४२ आणि टी२ दोन्ही ४२ मिमीचे, पण एम४२ चा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १ मिमी आणि टी२ चा ०.७५. एकात दुसरं अर्धा-पाऊण फेरा जातं आणि अडकतं. जोर लावला तर आटे कातरले जातात.

माझं मत: २०० ठेवा. बिनईडी काचेमुळे (ईडी म्हणजे रंग कमी फाकवणारी खास काच) उजळ पांढऱ्या कडांना एफ/४ वर जांभळी झालर येईल, ती एफ/५.६ ते एफ/८ ला बरीच जाते. कोपऱ्यांतली लाल-हिरवी कड छिद्र लहान करून जात नाही, पण ती सॉफ्टवेअरमध्ये एका टिचकीत निघते.

ओलसर_हवा

बुरशीचा प्रश्न राहिला. छिद्र पूर्ण उघडा, फोनचा टॉर्च मागून तिरका मारा आणि पुढून पाहा, मग उलट. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा फांद्या फुटलेले धागे म्हणजे बुरशी. सगळीकडे सारखा दुधी पडदा म्हणजे हेलिकॉइडच्या (फोकस रिंगखालचे आटे) ग्रीसची वाफ बसलेली. ती साफ होते. कडेला इंद्रधनुषी तुकडा दिसला तर चिकटवलेली दोन भिंगं सुटताहेत, ती लेन्स सोडून द्या. सुटे धूलिकण मोजत बसू नका, फोटोत दिसत नाहीत. बुरशी पुढच्या किंवा मागच्या भिंगाच्या बाहेरच्या अंगाला असेल तर फार बिघडत नाही. आतल्या भिंगावर जुनी असेल तर कोटिंग खाल्लेलं असतं आणि साफ केल्यावरही नक्षी राहते.

फोर्टात बोरा बाजारात किंवा चोर बाजारात घेणार असाल तर टॉर्च, अडॅप्टर आणि कॅमेरा सोबत न्या. छिद्राची रिंग फिरवताना पाती तेलकट, चिकटून हळू सरकणारी नाहीत ना ते पाहा. चामड्याचं मूळ कव्हर मिळालं तर वेगळं ठेवा, लेन्स त्यात ठेवू नका. चामडं ओल धरून ठेवतं.

जून ते सप्टेंबर: रबरी कडेचा हवाबंद डबा, आत स्वस्त हायग्रोमीटर, आर्द्रता ४० ते ५० टक्के. त्याहून फार कोरडं नको, ग्रीस वाळतं. सिलिका जेल नारिंगी घ्या, ओल धरली की हिरवं होतं. ११० ते १२० अंशांवर दोनेक तास तापवलं की पुन्हा कामाला येतं. निळ्यात कोबाल्टचं संयुग असतं, ते स्वयंपाकघराच्या भट्टीत तापवू नका. बुरशी मारायला लेन्स उन्हात ठेवायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका: काच बरंचसं अतिनील अडवते, आणि उष्णतेने ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरतं. एसीतून बाहेर पडताना लेन्स बंद पिशवीतच अर्धा तास राहू द्या, मग उघडा.

नवखा_१५००

धाग्यात घुसतो, क्षमस्व. माझ्याकडे कॅनन १५००डी आहे. त्यावर कॅनन एफडी २०० मिमी चालेल का?

थांबून_टिपा

नीट नाही. एफडी या कॅननच्या जुन्या बैठकीचं फिल्मपासूनचं अंतर ४२ मिमी आणि तुमच्या ईएफ बैठकीचं ४४, म्हणजे अडॅप्टर उणे दोन मिमीचा हवा. काच असलेला अडॅप्टर अनंत गाठून देतो, पण स्वस्त काच काँट्रास्ट खाते. बिनकाचेचा फक्त जवळचं दाखवतो. तुम्ही एम४२ (४५.४६ मिमी) किंवा निकॉर एआय (४६.५) घ्या, दोन्ही ईएफ वर बिनकाचेच्या पातळ कड्याने बसतात. एम४२ लेन्सवर ए/एम बटण असेल तर ते एम ला ठेवा. नसेल तर मागची पिन दाबून धरणारी कडा असलेला अडॅप्टर घ्या, नाहीतर रिंग कितीही फिरवा, छिद्र उघडंच राहील. आणि फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठं करून करा. १५००डी चा व्ह्यूफाइंडर त्याला पुरत नाही.

शिवडीकर

आभार. आकाशाकडे धरून पाहिलं, नळीत लेन्सच्या बाजूला लखलखीत कडं दिसतंय. टॉर्चमध्ये धागे नाहीत. मखमली कागद लावतो. त्याची जाडी किती चालेल?

खाडीचा_उजेड

अर्ध्या मिमीच्या आसपासचा घ्या. जाड कागद निकॉरच्या मागच्या छिद्र-तरफेला घासू शकतो. लावल्यावर लेन्स बसवून छिद्राची रिंग ४ पासून ३२ पर्यंत फिरवा आणि मागून पाहा. पाती प्रत्येक टप्प्याला हलत असतील तर जागा मोकळी आहे. अडत असतील तर लेन्सकडची कड दोन मिमी आत कापा.